आधी ‘बांध’ सोडला

मंगळ. ५ नोव्हें.
‘गुंठा’ अल्बम पुरा. नऊ गाणी, एकच गोष्ट: वाघोलीकडचे दोन भाऊ. रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला, थोरल्याने धाकट्याला बांधावर कोयत्याने तोडला. गोष्ट आमच्या गिटारवाल्या तेजसच्या घरची, दोघे त्याचे चुलते. शब्द नि बेस गिटार माझे. रेकॉर्डिंग माझ्या बिबवेवाडीच्या स्पीकर-दुरुस्तीच्या दुकानात, मी स्वतः बांधलेल्या ॲम्पवर. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. कान आहेत.

आता भांडण एकच. सिंगल म्हणून आधी कुठलं सोडायचं.

तेजस: "दादा, ‘वहिनी’ आधी. शेवटचं आहे, पण तेच सगळ्यांत ऑनेस्ट आहे."

माझं मत ‘बांध’. तिसरं गाणं, खुन्याच्या तोंडचं. पहिल्या चार ठोक्यांत माणूस खुर्चीतून उठतो. ‘वहिनी’ म्हणजे तीच सुरावट अर्ध्या वेगात, विधवेच्या तोंडी. आधी वार, मग रडणं. उलटं कोण ऐकेल?

गाणारा इम्रान म्हणाला, "माझा घसा दोन्हीत सारखाच फाटतो. तुम्ही ठरवा."

ठरवलं. ‘बांध’.

शुक्र. १५ नोव्हें.
‘बांध’ सोडून आठवडा. सगळीकडे वाजतंय. हडपसरला रिक्षात ऐकलं. बास इतका चढवलेला की माझी बेसलाइन म्हणजे नुसती घरघर. सांगितलं त्याला, जरा कमी करा. "काका, तुम्हाला नाय कळणार ते." बरं.

पुढची आठ गाणी कधी येणार, कुणी विचारत नाही. अल्बम एका गाण्याचा झालाय. तेजस रोज हेच बोलून दाखवतो. दार तर उघडलं, म्हटलं. लोक येतील आत.

सोम. २५ नोव्हें.
काल वाघोलीत रोहनचं लग्न. रोहन म्हणजे मारणाऱ्या थोरल्याचा मुलगा, तेजसचा चुलतभाऊ. थोरला शिक्षा भोगून आलाय, वरातीत फेटा बांधून पुढे. मेलेल्या धाकट्याच्या बायकोचं, नंदाकाकूंचं घर वाटेत. वरात नेमकी त्यांच्या दारात थांबवली नि ‘बांध’ लावलं. संपलं की पुन्हा. रोहन घोड्यावरून उतरून नाचला, हात कोयत्यासारखा फिरवत. माझ्या शब्दांवर.

तेजसने स्पीकरचा लोखंडी स्टँड उचलून रोहनच्या तोंडावर घातला. दोन दात गेले, वरचा ओठ उभा फाटला. मग वरातीने तेजसला लाथांनी तुडवलं. डाव्या हाताची दोन बोटं मोडली. तारा दाबायची बोटं.

दवाखान्यात म्हणाला, "तुमचं खरं झालं. वार बसला. आता रडणं कुठाय?" या वेळी मला ‘दादा’ म्हणाला नाही.

गुरु. २८ नोव्हें.
रोहनची माणसं दुकानात. आधी अगदी अहो-जाहो. "गाणं झकास आहे, दादा. आता वहिनीचं काढणार म्हणे. ते काढू नका." म्हटलं, काय काढायचं ते आम्ही ठरवतो, आपण ऐकायचं की नाही तेवढं ठरवा.

मग हॉकी स्टिका. दोन बारा इंची स्पीकर आरपार फाडले, ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर उखडला. माझ्या डाव्या कानाखाली उलट्या हाताची, अंगठीसकट. कानातून रक्त, नि तेव्हापासून शिट्टी. शुद्ध निषाद, किंचित चढा.

एक जण फोडता फोडता ‘बांध’ गुणगुणत होता. सुरात होता साला.

रवि. ८ डिसें.
‘वहिनी’ काढायचंच. इम्रानचं म्हणणं, "ज्यांचं आहे त्यांना आधी ऐकवा." तेजस नंदाकाकूंना घेऊन आला. उरलेल्या एका स्पीकरवर लावलं. संपल्यावर मी थांबलो. रडतील असं वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

"आवाज ग्वाड हाय या पोराचा," म्हणाल्या. "पण भाऊ, हे माझं न्हाय."

विचारलं, काय चुकलं.

"तुमी लिव्हलंय, मी पदरात तोंड घालून बसले. कुठली बसते. मी विळा शोधत हुते. गोठ्यात, चुलीमागं, समदीकडं. सासूनं लपवला हुता. आन हे इतकं सावकाश का वाजवताय? माझं काळीज सावकाश न्हवतं चालत. त्या थोरल्याच्यावानीच पळत हुतं."

 तपशिलात मला आजवर कुणी पकडलेलं नाही.

"दुरुस्त व्हतंय का?"

होतं, म्हटलं.

शनि. १४ डिसें.
दुरुस्त केलं. ‘बांध’च्याच वेगात. पदर काढला, विळा घातला, काकूंचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे. तेजसची बोटं प्लास्टरात. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी पाना घासत वाजवली. दगडावर पातं घासावं तसा आवाज. इम्रान एकदाच गायला. संपल्यावर हेडफोन काढून भिंतीवर मूठ मारली, चामडी सोलली.

उजव्या कानाने ऐकलं. नऊ गाण्यांतलं सगळ्यांत चांगलं. हे बाहेर पडलं तर लोक ‘बांध’ विसरतील, नि आख्खा अल्बम शेवटाकडून ऐकतील. मला कळतं ते.

इम्रान: "दादा, हे काकूंच्या गल्लीत वाजलं तर कुणीतरी परत विळा शोधणार. आणि या वेळी सापडणार."

तेजस: "सापडू दे."

"तुझी दोन बोटं मोडलीयत. राहिलेली मोज आणि मग बोल."

अंगावर गेले एकमेकांच्या. मी मध्ये पडलो, तेजसचं प्लास्टर माझ्या नाकावर. शांत झाल्यावर दोघं माझ्याकडे बघत बसले. फाइल माझ्याकडे.

गुरु. १९ डिसें.
काल तेजसच्या घरावर दगड. त्याच्या आईच्या कपाळाला खोक. सकाळपासून त्याचा एकच मेसेज: आज सोडा. इम्रान फोन उचलत नाही.

दुपारी नंदाकाकूंचा फोन. "भाऊ, माझं कवा वाजणार?" मागे कुणीतरी दगडावर लोखंड घासत होतं. कसला आवाज, विचारलं. "कायी न्हाय. तुमी सांगा."

काकू, म्हटलं, आवाजाची जुळवणी जरा बाकी आहे.

"करा नीट. एवढी वर्सं थांबले, आनखी थांबते."

जुळवणी शनिवारीच झालीय. केसाएवढंही हलवायला जागा नाही.