पाचवी मूठ

ता. ९, शनिवार, दुपार

सौ. वन्संना,

भावजयीचा नमस्कार. घरातल्या सगळ्यांनी तुमची आठवण काढली आहे.

तुमचं पार्सल गुरुवारी मिळालं. आलं ते असं: दुधाच्या पावडरीचा मोठा डबा एक, साखर दोन किलो, आईंसाठी लोकरीचा स्वेटर, मुलींसाठी बिस्किटांचे दोन पुडे. साखरेचा पुडा कोपऱ्यात उसवला होता, पण तुम्ही वरून फडकं शिवलं होतंत म्हणून दाणाही वाया गेला नाही. पार्सलावर एकशे चाळीसची तिकिटं होती. तेवढ्यात इथे दीड किलो मसूर येते. रागावू नका, जे दिसेल त्याला भाव लावायची सवयच लागली आहे.

आजचा बाजार आत्ताच आणला. तांदळाची कणी चार किलो एकशे साठ, मसूर एक किलो नव्वद, पीठ तीन किलो एकशे वीस, बटाटे पन्नास, कांदे तीस, अर्धा लिटर तेल सत्तर, चहा-मीठ-काडेपेटी मिळून पस्तीस, आणि चार अंडी अठ्ठावीस. सहाशेच्या आत बसवलं, सतरा उरले. दुकानदार म्हणतो, "वहिनी, सगळी कणी तुम्हीच नेता, मग गिऱ्हाइकांच्या कोंबड्यांनी काय खायचं?" मी म्हटलं, "कोंबड्यांना सांगा, आमच्याकडे जेवायला या, परत जाऊ देणार नाही." तो हसला आणि पुडीत मिरच्या फुकट टाकल्या. हसवलं की काहीतरी मिळतं हे मला या वर्षात कळलं.

तुमच्या भावाचं काम अजून आठवड्याला तीनच दिवस आहे. काचेच्या कारखान्यात दोन भट्ट्या विझवल्यात, एकच चालू ठेवली आहे. बाटल्यांना मागणी नाही म्हणतात. बाकीचे दिवस हे दारोदार विचारून येतात, कुठे नळ बसवायचा असतो, कुठे पलंगाचा पाय. मुली शाळेत जातात. थोरलीची उंची वाढली, धाकटीचा पुढचा दात पडला. आईंची प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे.

सहाशेत पाच माणसं कशी बसतात असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतंत, म्हणून सांगते. माझ्याकडे सात डबे आहेत, पूर्वी त्यात भिंतींचा रंग असायचा, घासून घेतले. शनिवारी बाजार आला की मी सातही डबे ओळीने मांडते आणि आठवड्याचं धान्य त्यात वाटून टाकते. माणशी दोन मुठी कणी, एक मूठ डाळ. यांच्यासाठी वर अर्धी, कारण भट्टीसमोर उभं राहायचं असतं. वर पिठाची पुडी. झाकणावर वार लिहिलेले आहेत. नियम एकच, सोमवारच्या डब्यात रविवारी हात घालायचा नाही. पाहुणा आला तर रश्श्यात पाणी वाढवायचं, पण डबा उघडायचा नाही. हा नियम नसता तर बुधवारपासून आमच्या घरात चूल पेटली नसती, हे मी देवापुढे हात ठेवून सांगेन.

आईंना याची गंमत वाटायची. "मॅट्रिक झालेली सून आणली," शेजारच्या शिवणवालीला सांगायच्या, "आता डाळसुद्धा हजेरी देते." मला मास्तरीण म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. एकदा माझ्यासमोर एक बटाटा उचलून म्हणाल्या, "हा गैरहजर होता काल, याला ओणवं उभं कर." आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो.

वन्सं, वर मी आईंची प्रकृती ठीक आहे असं लिहिलं. ते खोडत नाही, कागदावर डाग दिसेल. पण ते खरं नाही.

काम कमी झालं त्याच आठवड्यात आईंनी जेवताना सांगितलं, "मी देवाला बोलले आहे. माझ्या लेकाला पुन्हा सहा दिवस काम लागेपर्यंत मी मंगळवारी अन्न घेणार नाही." आपल्या घरात देवाला दिलेला शब्द मोड असं कोणी कोणाला म्हणत नाही. मी हात जोडले. मला भरून आलं. पुढे मंगळवारच्या जोडीला शुक्रवार आला. मग सोमवार, मग गुरुवार. त्या दिवशी त्या नुसता कोरा चहा घ्यायच्या आणि जास्त वेळ प्रार्थनेला बसायच्या.

आणि मी त्या दिवसांच्या डब्यांतून त्यांची मूठ काढून टाकली.

त्यात मला वावगं दिसलं नाही. उपवास करणाऱ्या माणसाचं धान्य डब्यात कशाला? ती कणी वाचली म्हणून आठवड्याला चार अंडी यायला लागली, मुलींना. थोरलीच्या अंगाला लागलं, शाळेत बाईंनीही विचारलं, हिला काय खायला घालता म्हणून. मी रोज सकाळी दिवा लावताना देवाचे आभार मानत होते, की आईंच्या पुण्याने घर तरलं. शब्दशः हेच म्हणत होते.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी मी चार ताटं वाढली होती. आई हात धुऊन आल्या आणि मुलींच्या मध्ये बसल्या. पदराला हात पुसले आणि पातेल्याकडे बघत राहिल्या. धाकटी म्हणाली, "आजी, तुझं ताट कुठंय?" माझ्या हातात डाव होता. मी म्हटलं, "आई, आज तुमचा उपवास ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अगबाई, खरंच की! म्हातारपणी वारसुद्धा लक्षात राहत नाहीत." हसल्या, जमिनीला हात टेकून उठल्या आणि आत जाऊन निजल्या.

ज्या बाईला घरातल्या प्रत्येकाच्या जन्माचा वार पाठ आहे, ती मंगळवार विसरली असं मी तेव्हा मानून घेतलं. मला माझं ताट पुढे करता आलं असतं. सुचलंच नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं, पण मला भूक लागली होती. आणि त्या डब्यात त्यांची मूठ नव्हती, नियम म्हणजे नियम, असंही मनात आलं. मी जेवले, वन्सं. ताट पुसून जेवले.

त्यानंतर पंधरवड्याने त्या नळापाशी पडल्या. बादली अर्धीच होती. यांनी त्यांना उचललं आणि उंबऱ्यातच थांबले. मला म्हणाले, "हिचं वजन कुठे गेलं?" रागाने नाही, खरोखरच विचारत होते, जसं काही मी कुठेतरी ठेवलं असेल.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची पापणी ओढून पाहिली, दंड चिमटीत धरला. विचारलं, "आजी, पोटभर शेवटचं कधी जेवलात?" आई म्हणाल्या, "आमच्याकडे देवाचं असतं हो बाई." डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला औषध लिहून देऊ, की तांदूळ लिहून देऊ?" बाकावर बायका बसल्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं. मग मला बाजूला घेऊन हळू सांगितलं, की आजार कुठलाही नाही. थोडं थोडं, दर दोन तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. असंच चालू राहिलं तर ही थंडी त्या काढणार नाहीत.

तेव्हापासून सातही डब्यांत त्यांचं धान्य पडतं. अंडी त्यांच्यासाठी उकडते. मऊ भात कालवून मांडीवर वाटी घेऊन बसते. त्या तोंड मिटून घेतात. एखादा घास माझ्या समाधानासाठी घेतात आणि पुरे म्हणतात. "शब्द दिलाय मी." तुमच्या पार्सलातली पावडर मी त्यांच्या उशाशी ठेवली. काल नळावरून आले तर धाकटीच्या ओठावर पांढरी मिशी, आणि आई तिला दटावतायत, "पूस ते, मास्तरीण हजेरी घेईल."

तुमच्या भावाने तर खोटंच सांगून पाहिलं. म्हणाले, "आई, सहा दिवस काम लागलं, सुटलीस तू." आई म्हणाल्या, "देव पावला. शनिवारी पगार माझ्यासमोर मोज म्हणजे झालं." हे बाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

परवा मी चिडले. म्हटलं, "आई, देव असा दाण्यादाण्याचा हिशेब ठेवत नाही हो."

त्या म्हणाल्या, "मग कोण ठेवतं गं?"

टोमणा नव्हता त्यात. डोळे मिटूनच म्हणाल्या. तेव्हापासून दिवा लावते, पण हात जोडले की पुढे काय म्हणायचं ते आठवत नाही. तो खरंच नवस होता, की पहिल्या दिवसापासून त्यांना पातेल्याचा तळ दिसत होता, हे मला आता कधीच कळणार नाही. विचारायची हिंमत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. साखर आणि बिस्किटांवर एवढा कागद खर्च झाला, कारण हे लिहायचं टाळत होते.

आईंना तुम्ही घेऊन जा.

माझ्या घरात त्या खाणार नाहीत. इथे प्रत्येक घास त्यांना कुणाच्या तरी ताटातून उचललेला दिसतो, आणि त्यांना तसं बघायला मीच शिकवलं. तुमच्याकडे पातेलं मोठं आहे. तिथे त्या कोणाचं खातात असं त्यांना वाटणार नाही. शिवणवालीने सहज विचारलं, "लेकीकडे का नाही जात चार दिवस?" तर म्हणाल्या, "तिने बोलावलं तर जाईन की. तिच्या घरी माझा कसला उपवास?" मी स्वयंपाकघरात होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

पण बोलावल्याशिवाय त्या येणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी जावयांच्या कमाईवरून तुमचं नि आईंचं वाजलं, तेव्हा "मी बोलावल्याशिवाय माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस" असं तुमच्या तोंडून निघून गेलं. तुम्ही विसरला असाल. पार्सलं पाठवता त्यावरून मला वाटतं विसरलाच असाल. त्यांनी मात्र ते धरून ठेवलं आहे. स्वेटर छातीशी घेऊन बसतात, अंगात घालत नाहीत.

लोक म्हणतील, सुनेने सासूला बाहेर काढलं. म्हणू देत. तुम्हीही म्हणाल, तर तुमचा हक्कच आहे. पण एक सांगते, जे यांनाही सांगितलेलं नाही. आज बाजार आल्यावर मी डबे भरले. चार जणांचं भरभर झालं. पाचव्या मुठीला माझा हात पिशवीच्या तोंडाशी थांबला. मनात आलं, त्या काही खाणार नाहीत, वाया जाईल. मी मूठ भरली खरी, पण सैल भरली. वन्सं, मी वाईट बाई नाही असं मला आजवर वाटत होतं. माझ्या या हाताची मला आता खात्री देता येत नाही, आणि थंडी अजून बरीच आहे.

गाडीचं भाडं तुम्हाला द्यावं लागणार नाही. माझ्या कानातलं अजून आहे, ते मोडून मीच त्यांना घेऊन येईन, स्टेशनवर तुमच्या हाती देईन आणि त्याच गाडीने परत फिरेन. तुमच्या घरी पाणीसुद्धा घेणार नाही, म्हणजे जावयांना काही बोलायला जागा राहणार नाही.

बोलावणार असाल तर पत्र आईंच्या नावाने घाला, माझ्या नको. दोन ओळी पुरेत. अक्षर मोठं काढा, त्यांना बारीक दिसत नाही, आणि मी वाचून दाखवलं तर म्हणतील मास्तरणीने मनानेच रचलं. तुमचं अक्षर त्या ओळखतात. मागचं काही काढू नका, क्षमाबिमा मागू नका, नुसतं "ये" म्हणा.

आणि जमणार नसेल तर मात्र मला लिहा, त्यांना नको. मी वाचेन आणि कोणाला सांगणार नाही.

आमचा पोस्टमन दुपारी येतो. पाकिटावर कोणाचं नाव आहे ते मी दारातच बघेन. उशीर करू नका वन्सं, उलट टपाली कळवा.

तुमची,
भावजय