मीच वगळलेले अकरावे नाव

मी, पद्मावती भूपाल मगदूम, वय ७६, माजी खासदार, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःबद्दल फारच चांगले लिहिले होते.

१. राहते घर मुलगा गोमटेश याला. तो बेंगळुरूहून येऊन ते विकणार हे मला ठाऊक आहे. विकावे. फक्त देव्हाऱ्यातील पार्श्वनाथांची मूर्ती आधी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पोचवावी आणि मगच दलालाला बोलवावे.

२. कपाटातील पितळी पाटीही गोमटेशलाच. ‘लोकसभा उपाध्यक्ष’ अशी अक्षरे कोरून त्याने ती बेळगावहून करून आणली, तेव्हा ते पद मला मिळालेले नव्हते. पुढेही मिळाले नाही. आमच्या मुदतीत ते कोणालाच मिळाले नाही. राज्यघटनेचे त्र्याण्णवावे कलम सांगते की सभागृहाने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष शक्य तितक्या लवकर निवडावेत. पाच वर्षे संपली तरी ते ‘लवकर’ काही उजाडले नाही. म्हणून या मृत्युपत्राचे व्यवस्थापक, वकील आदर्श देसाई, यांना मी दिवस मोजून देते. माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांत सगळी वाटणी पुरी व्हावी.

३. वडगावच्या विणकराकडून मुद्दाम विणून घेतलेली मोतिया रंगाची साडी सून ऋतिका हिला. निवड होईल त्या दिवशी नेसायची म्हणून तिची घडी मोडली नाही. ऋतिकाने तिचे पडदे शिवले तरी माझी हरकत नाही. मला मात्र शेवटी ती नेसवू नये.

४. आमच्या पक्षाच्या प्रतोदांना काहीही नाही. त्यांचे नावही लिहीत नाही, त्यांना इथेसुद्धा जागा द्यायची माझी इच्छा नाही. आमचा पक्ष लहान. सत्तेतल्यांना आणि विरोधकांना, दोघांनाही चालेल असे नाव म्हणून माझे नाव उपाध्यक्षपदासाठी घेतले जात आहे, असे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितले. तेव्हा आता कोणत्याच बाजूने बोलू नका, असेही सांगितले. मी चार वर्षे बोलले नाही. तालिकेवर माझे नाव होते, म्हणजे अध्यक्ष नसतील तेव्हा त्यांच्या खुर्चीत बसून सभागृह चालवायचे. ते मी चोख चालवत असे. लोक म्हणत, बाई किती निःपक्षपाती आहेत. मी निःपक्षपाती नव्हते, मी आशेवर होते.

५. वडिलांकडून माझ्या नावावर आलेली तंबाखूची वखार विडी कामगार महिलांच्या संघटनेला, दवाखान्यासाठी. याचे कारण लिहिणे भाग आहे.

मंगल ही या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईची मुलगी. पुढे ती विड्या वळू लागली. माझ्या निवडणुकीत तिने निपाणीतली एकही गल्ली सोडली नाही. तंबाखूच्या धुळीने तिची छाती कामातून गेली होती आणि विडी कामगारांसाठीच्या केंद्र सरकारच्या दवाखान्यातल्या फुकट औषधावर ती उभी होती. तो दवाखाना बंद होणार असे कळले तेव्हा तिने मला दिल्लीला फोन केला. आजवर काही मागितले नाही, एकदा तिथे आमचे बोला, म्हणाली.

मी शून्य प्रहरात बोलण्यासाठी सूचना दिली. सोडतीत नाव लागले, यादीत अकरावे. त्याच दुपारी ऐन वेळी मला खुर्चीत बसायचे बोलावणे आले आणि मी गेले. खुर्चीतून एकेक नाव पुकारत होते. दहावे सभासद बोलून बसले. पुढचे नाव माझे होते. खालच्या टेबलाजवळचे अधिकारी वळून हळूच म्हणाले की दुसरे सभासद दोन मिनिटे खुर्चीत बसायला तयार आहेत, आपण खाली जाऊन बोलावे. समोरून प्रतोद माझ्याकडे बघत होते. मी बारावे नाव पुकारले.

निपाणीत संघटनेच्या खोलीत वीसेक बायका टीव्हीपुढे बसल्या होत्या. आक्का का बोलत नाही, असे कोणीतरी विचारले. मंगल म्हणाली, “ती खुर्चीत हाय न्हवं? खुर्चीतनं उतरून कशी बोलंल?” त्यानंतर गावात कोणी मला नावे ठेवली की ती हेच सांगून भांडायची. दवाखाना बंद झाला. विकतचे औषध ती अर्धे अर्धे करून घेत होती. दोन वर्षांनी गेली. मी मोठा हार घेऊन गेले होते, त्याची मला आजही लाज वाटते.

वखारीच्या दारावर माझे नाव घालू नये.

६. माझ्या सोन्याच्या पाटल्या मंगलची मुलगी रूपाली हिला द्यायच्या होत्या. ती आता संघटनेचे काम बघते. गेल्या महिन्यात तिला घरी बोलावून तसे सांगितले. तिने चहाही घेतला नाही. म्हणाली, “पाटल्या नकोत, आक्का. आई मरस्तोवर तुमच्यासाठी भांडली. तुमास्नी उतरून बोलता येत हुतं का न्हाय, तेवढं सांगा.” सभागृहाचे नियम फार किचकट असतात, असे काहीतरी मी म्हणाले. ती उठून गेली.

सबब पाटल्या ऋतिकाला द्याव्यात. रूपालीला या कागदाची नक्कल द्यावी आणि संघटनेच्या बायकांच्या बैठकीत हे कलम मोठ्याने वाचावे.

येत होते, रूपाली. नियमात बसत होते, खुर्चीत बसायला माणूस तयार होता, पायऱ्या मोजून चार उतरायच्या होत्या. मी उतरले नाही. तुझी आई जे सांगत फिरली ते खरे नव्हते, हे तिला सांगायला माझ्याकडे दोन वर्षे होती.

हे सर्व मी स्वतः वाचून, खाडाखोड न करता, दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

पद्मावती भूपाल मगदूम

साक्षीदार:
१. रवळू नारायण पाटील, निवृत्त शिक्षक, कंग्राळी
२. जयाबाई शामू माने, विडी कामगार, निपाणी. त्या दिवशी टीव्हीपुढे मंगलच्या शेजारी बसलेली.

ठिकाण: निपाणी
दिनांक: ९ जानेवारी २०२६