आईच्या व्हायोलिनची बोली

चिमे,

डबा ओट्यावर आहे, विसरू नकोस.

आईच्या व्हायोलिनचा ऑनलाइन लिलाव काल संपला. साइटची फी कमी लागावी म्हणून तू सांगितलंस तसंच केलं होतं. किमान राखीव किंमत ठेवली नाही, जादा फोटो टाकले नाहीत. तिच्या हनुवटीने झिजलेली जागा मात्र ‘दोष’ म्हणून लिहावी लागली. काल बोली मातीमोल भावावर अडली आणि मला राहवेना. शेजारच्या काकांच्या खात्यावरून शेवटची बोली मीच लावली. कमिशन कापलं गेलंच. काकांचे पैसे द्यायला चाललोय. रागावू नकोस गं.

वस्तू पोचली का, असं ती साइट सारखं विचारतेय. पोचलीय. आईच्या उशीवर ठेवलीय.

बाबा