प्रार्थनेवर नेमणूक

डुलुथनगरीच्या सूपसम्राज्ञी, तीन पुत्रांच्या अनभिषिक्त शासनकर्त्या, अस्मादिकांच्या ज्येष्ठ भगिनी श्रीमती जेरल्डीन यांच्या सेवेशी, महाविद्यालयाचे भूतपूर्व अध्यक्ष, येशूसंघीय फादर लिओ यांचे सविनय अभिवादन.

‘भूतपूर्व’ वाचून घाबरू नकोस. दीक्षान्त समारंभात मी व्यासपीठावरून आपल्याच महाविद्यालयाचे नाव विसरलो. श्रोत्यांना तो विनोद वाटला, टाळ्याही पडल्या. आमच्या संघाचे प्रांतप्रमुख मात्र हसले नाहीत.

“लिओ, आता तुझी नेमणूक प्रार्थनेवर.”

“म्हणजे बढतीच की हो!”

“विनोद नको रे, आज तरी नको,” म्हणत त्यांनी डोळे पुसले.

आमच्या संघात निवृत्ती नाही. काम झेपेनासे झाले की रुग्ण धर्मगुरूंच्या निवासात पाठवतात आणि प्रार्थना हेच कार्य नेमून देतात. आज्ञापालनाचे व्रत घेतलेले, म्हणून निमूटपणे बॅग भरली.

तुझ्या यजमानांचा, टॉमचा, गुडघा कसा आहे? नाताळला येणार होतीस; त्याआधीच आलीस तर बरे. तुला पाहताक्षणी ओळखावे, एवढीच महत्त्वाकांक्षा तूर्त शिल्लक आहे.

तुझा, आता तरी आज्ञाधारक,
लिओ

ता. क. व्यवस्था उत्तम आहे, फक्त कॉफी कोमट मिळते. इथे आमची देखभाल करणारे ब्रदर म्हणतात, ही तक्रार मी रोज करतो. मला तर ती आजच केल्यासारखी वाटते. कॉफी अद्याप कोमटच आहे.