टेपखालची जखम

एवढा मोठा माणूस, गोदामात क्रेन चालवणारा, आणि बोटभर सुईला भ्यालास! वर तुझ्या पोरानेही तोच हट्ट उचलला. कुणाकडे तक्रार करू?

दाऊद, माझ्या भावा, नातीच्या वहीचं पान फाडून लिहितेय. लढाई संपली म्हणून सकाळी खिडक्यांच्या टेपच्या पट्ट्या ओढून काढत होते, तोच तुझा हनीफ लंगडत आला. अल सुलै भागातलं तेच तुझं गोदाम, तशीच लाकडी पेटी, खिळा तळपायात. म्हणतो, "फुफी, टेप फेकू नको. इथे दोन वेढे मार."

अगदी तुझ्यासारखं!

तुला ते वेढे मीच मारले होते. क्षेपणास्त्रातून विषारी वायू येईल म्हणून सगळं रियाध खिडक्या चिकटवत होतं. आपणही एक फट सोडली नाही. विष बाहेरूनच येणार, अशी खात्री! जखम धुतलीसुद्धा नाही रे.

आठव्या दिवशी तुझा जबडा उघडेना. मी म्हणाले, "सायरनला घाबरून दातखिळी बसली. बरं झालं, घरात जरा शांतता." तू हसायला गेलास आणि तोंड तसंच ताणलेलं राहिलं. ते बोलायला नको होतं मी.

इस्पितळातल्या केरळी नर्सने हिंदीत समजावलं. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत धनुर्वाताचा जंतू वाढतो. स्वतः जागचा हलत नाही, विष सोडतो. ते नसेतून चढत पाठीच्या कण्यात जातं. तिथून अंगाला दोन हुकूम सुटतात, आवळ आणि सोड. विष 'सोड' म्हणणाऱ्याचं तोंडच बांधतं. मग नुसतं आवळ, आवळ! सायरन वाजला की तू कमानीसारखा वाकायचास. क्षेपणास्त्र कुठे पडलं, कुणाला ठाऊक? तुझा श्वास थांबेपर्यंत मी तुझी पाठ धरून होते.

नर्स म्हणाली, "नसेला चिकटलेलं विष मग निघत नाही, अम्मा. सुई आधी घ्यायची असते."

चौथी शिकलेल्या मला कळलं. दहावी झालेल्या हनीफला कळू नये?

रडत बसणार नाही मी. शब्द देते, त्याला तुझ्या वाटेने जाऊ देणार नाही. पाय साबणाने धुतलाय, टेप कचऱ्यात गेली. त्याचा मालक, तो कफील, रजा देवो न देवो, आज दुपारच्या आत त्याला दवाखान्यात उभा करते.

तुझी आपा,
जैनब

तू उत्तर द्यायचं नाहीस. हे पान हनीफच्या हातात देतेय. उत्तर त्याने द्यायचं, दंडावरची टोचलेली जागा दाखवून. तोंडाने दिलेलं मी घेणार नाही.