कानातला फाया

दारव्हा, १९५८

उस्ताद गनीचाचा,
सलाम.

तुम्ही आर्णीले गेले अन् कापसाच्या जिनातलं हेडफिटरचं काम माह्यावर आलं. तवापासून जीव थाऱ्यावर नाही. माह्या हातून मशीन नीट लागली, की तिच्यातल्या पयल्या रुईचा फाया अत्तर लावून तुम्ही माह्या कानात खोसत होते. आता खोसणारं कोणी नाही, म्हणून दिवसभर लोकायवर भडकून राह्यलो.

आज माह्या हाताखालच्या रामसिंगनं मशीनीचा रूळ असा बसवला, की एक सरकी फुटली नाही. तो मान वाकडी करून, कान माह्याकडं करून उभा राह्यला. मले आधी रागच आला. माहा कान कोरडा, अन् याले कायले? मंग अत्तर आणाले पळालो.

चाचा, तुमच्या कानात कोण खोसत होतं? मी कधी पाह्यलंच नाही.

हे पत्र पेटीत टाकत नाही. टाकलं, तर तुम्ही लिफाफ्यात फाया धाडसान.

तुमचा
कय्युम