मलकापूर ऐकू येत नाही

१२ जून २००५, रविवार
उशिराबद्दल माफी. फेब्रुवारीपासून या वहीत एक अक्षर लिहिलं नाही. तारखात्यात होतो तेव्हा तार उशिरा पोचली की दारात उभं राहून आधी माफी मागायचो, मग सही घ्यायचो. तीच सवय. न लिहिण्याचं कारण एकच. बँड खराब. रेडिओवर काही ऐकूच येत नाही तर लिहायचं काय?

कारण शास्त्रीय आहे. दर अकरा वर्षांनी सूर्यावरचे डाग कमी होतात, मग लहरी आभाळातून नीट परत येत नाहीत. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, परीक्षेला हा प्रश्न होता. मी सातवी पास. इंग्रजी उत्तरं घोकून तिसऱ्या खेपेला पास झालो आणि १९९४ साली लायसन काढलं. तेव्हापासून गच्चीवर तार, खाली सेट, आणि रोज सकाळी सातला मलकापूरच्या रतनसिंगशी गप्पा. तो रेल्वेतला रिटायर गार्ड. आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण त्याच्या म्हशीचं नाव मला माहीत आहे.

चार महिने झाले, मलकापूर ऐकू येत नाही. संकल्प: उद्या तार सहा फूट वर न्यायची.

१५ जून
तार वर नेली. फरक नाही.

रतनसिंग रुसला असेल असंही वाटतं. फेब्रुवारीत आमचं वाजलं होतं. त्याचा आवाज फार खराब येत होता, शब्द भिजलेल्या कागदासारखे. त्याचा माइक गेला असणार. पण तोंडावर कसं सांगायचं? म्हणून म्हणालो, आता तोंडानं बोलणं पुरे, यापुढे मोर्समध्ये बोलू. कट्ट-कडकट्ट करतो तोच खरा हॅम. तोंडानं तर बायकाही ओट्यावर बसून बोलतात. तो म्हणाला, भाऊ, बोलन्यात काय खराबी आहे? मी सेट बंद केला.

आता आधी त्यानं बोलावं. मी रोज सातला ऐकत बसतो, पण आधी बोलणार नाही.

२० जून, सकाळी साडेसात
माझ्या बायकोला, शकूला, काही कळत नाही. सैपाकघरातून भाकरी थापता थापता म्हणाली, अवं, सेटात कोन बोलून राहिलं? संतरामभाऊ, संतरामभाऊ करून राहिलं की.

मी सेटपासून हातभर लांब, ती भिंतीपलीकडे. मला ऐकू येत नाही ते तिला कसं येईल? म्हणालो, चिनी स्टेशन आहे. ती म्हणाली, चिनी मानूस तुमाला भाऊ म्हनतो व्हय?

चुलीचा धूर तिच्या डोक्यात जातो. वाद घातला नाही. संकल्प: शकूशी रेडिओवर चर्चा नाही.

३ जुलै, रविवार
नवीन उमेद. आपल्या देशाने मे महिन्यात हॅम लोकांसाठी उपग्रह सोडला. दिवसातून काही वेळा डोक्यावरून जातो, दहा-पंधरा मिनिटं सापडतो. हे काम सूर्याच्या डागांवर अवलंबून नाही. रतनसिंग बसू दे रुसून, मी सरळ आभाळाशी बोलणार.

जुन्या टीव्ही अँटेनाच्या नळ्या कापून बांबूला बांधल्या. गच्चीवर उभा राहून बांबू हळूहळू फिरवला, हातातला छोटा सेट कानाला. शेजारचा ग्यानोबा काळी-पिवळी जीप चालवतो. तो आंगणातून ओरडला, काका, आभाळाला काठी काहून दाखवून राहिले? भिऊन पाऊस यील म्हनून? त्याची पोरं खदाखदा हसली. आमच्या पुसेगावात विज्ञानाला असाच मान आहे.

उपग्रह आला तसा गेला. काही नाही. शकू वाळलेले कपडे काढायला वर आली होती. म्हणाली, या डबड्यात लई मानसं बोलून राहिली. एक बाई बी हाय.

बांबू ओला होता. ओला बांबू सिग्नल पितो.

१० जुलै
मोर्सचा सूर आणखी खाली घेतला. बारीक सूर अलीकडे बनावटी वाटतो. घोगरा बरा, जुन्या माणसासारखा. बटण आता शेवटच्या खुणेवर आहे, पुढे फिरत नाही. कंपनीने थोडी जागा ठेवायला हवी होती.

आवाज पूर्ण मोठा ठेवतो. ग्यानोबाची बायको येऊन शकूला म्हणे काही तरी बोलून गेली. लेकरू झोपत नाही वगैरे. मला त्यात काही तथ्य वाटत नाही, सेट तर मुका बसलेला असतो.

७ ऑगस्ट, रविवार
मुळाशी पोचलो. दोष गावात आहे. पिठाची गिरणी, विजेच्या तारा, सगळ्यांचा कचरा हवेत. गावाबाहेर जाऊन मोबाईल स्टेशन चालवलं पाहिजे, म्हणजे गाडीवर अँटेना, गाडीच्या बॅटरीवर सेट. मोठे हॅम हेच करतात.

ग्यानोबा पहाटे वारंगा फाट्याला बारशाचं भाडं घेऊन निघाला होता, मीही बसलो. लांब काठीची अँटेना जीपच्या बंपरला कसून बांधली. भिकाबाई म्हणून एक म्हातारी टोपलं घेऊन बसली होती. तिनं विचारलं, ह्यो झेंडा कोन्त्या पार्टीचा?

सात वाजता फाट्याच्या अलीकडे ग्यानोबाला इंजिन बंद करायला लावलं. सेट लावला. मोकळं माळरान, ना गिरणी ना तारा. मी कान लावून बसलो. शांत.

एवढ्यात ग्यानोबा माझा दंड धरून हलवायला लागला. ओ काका, तुमाला बोलावून राहिला की कोनी! मलकापूरहून म्हनतो. मागची माणसं माना हलवायला लागली. भिकाबाई म्हणाली, जाब द्या की बापा त्याला, लई काकुळतीनं बोलून राहिला.

समजायचं ते समजलो. ग्यानोबानं वाटेत सगळ्यांना पढवलं होतं. अख्खी जीप एका म्हाताऱ्याची चेष्टा करते, बारशाला निघालेली माणसं! मी सेट बंद केला. फाट्यावर उतरून एकटाच खिचडी खाल्ली आणि एसटीनं परत आलो. खिचडीला चव नव्हती.

संकल्प: ग्यानोबाशी बोलणं बंद.

८ ऑगस्ट
झोप नाही. समजा, समजा म्हणतो, खरंच रतनसिंग असला तर? मग मला का नाही ऐकू आला?

नाही. चेष्टाच.

४ सप्टेंबर, रविवार
सकाळी वाऱ्यानं तार सैल झाली म्हणून गच्चीवर गेलो. सेट खाली चालूच. तार ताणून खाली आलो तर शकू सेटसमोर जमिनीवर बसून पदरानं डोळे पुसत होती.

विचारलं काय झालं. माझ्या तोंडासमोर तोंड आणून बोलली, हल्ली तशीच बोलते. रतनसिंगभाऊ गेले. म्हणालो, मेला? ती म्हणाली, न्हाई हो, सुरतेला. पोराकडं. आज शेवटलं बोलले.

मग तिनं सगळं सांगितलं. तिथं पोराचा फ्लॅट आहे, वर तार बांधू देत नाहीत. सेट रतनसिंगनं कुणाला तरी देऊन टाकला, आज दुपारी तो माणूस न्यायला येणार. म्हणाला, भाऊ, तुम्ही मोर्समध्ये बोला म्हणालात, पण माझा हात आता कापतो, मोर्सची की धरता येत नाही. सांगायची लाज वाटली. म्हणून रोज तोंडानंच हाक मारतो. रोज, भाऊ. राग सोडा. एकदा नुसतं हो म्हणा.

किती वेळ म्हणत होता, मी विचारलं. शकू म्हणाली, लई येळ. थांबायचे, आन पुन्हा म्हनायचे, एकदा हो म्हना.

मी म्हणालो, मग मला हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, जिन्यात हुभी राहून मारल्या की. किती मारल्या.

आणि म्हणाली, बटनाकडं हात गेला होता माजा. पन तुमीच सांगितलं, लायसन नसलेल्यानं बटन दाबलं तर पोलीस येतेत, सेट घेऊन जातेत. म्हनून दाबलं न्हाई. नुसतीच म्हनले, भाऊ, ते वर हायेत, रागात न्हाईत. बटनाबिगर त्याहीले काय ऐकू जातंय ते.

मी म्हणालो, बराबर केलंस. कायदा आहे.

ती उठून सैपाकघरात गेली. मी सेटसमोर बसलो. मग बटण दाबलं आणि मलकापूर, मलकापूर, म्हणून हाका मारल्या. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. उत्तर आलं की नाही, कुणी सांगावं. शकूला विचारायची हिंमत झाली नाही.

६ सप्टेंबर
मलकापूरच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. घर बंद असणार. सुरतेचा पत्ता त्यानं सांगितला असेलही. शकूला लिहिता येत नाही.

ती म्हणते नांदेडला कान दाखवा. जाणार आहे. कान खणखणीत आहेत हे कागदावर आलं की घरात शांतता होईल.

१६ सप्टेंबर, शुक्रवार
नांदेड. ग्यानोबानं जीप आणली, मी न बोलताच बसलो. तोही काही बोलला नाही. बोलला असेल.

दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवलं. कानाला हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. मनात म्हणालो, हे तर आमचं रोजचं काम.

बसलो. बराच वेळ काही नाही. तपासणारी मुलगी काचेपलीकडे मशीनशी खटपट करत होती, चालू होत नसावं. मी धीर धरला. मग लांबून घूं असा भरड सूर आला. झटकन दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. एकही सोडला नाही. वाटलं, झाली बाबा सुरुवात. ताठ बसलो.

मुलीनं दार उघडलं, माझ्या कानावरून हेडफोन काढले. मी म्हणालो, पोरी, काढते काहून, आत्ता तर सुरू झालं. तिचे ओठ हलले. पुन्हा हलले. मग तिनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: काका, तपासणी संपली.

शकू बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

रतनसिंगभाऊ, तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून इथंच लिहितो. राग नव्हता. हो. हो म्हणतो. तुमचा हात कापत असेल तर सुनेकडून लिहवून घ्या, पोराकडून घ्या, पण दोन ओळी धाडा. लौकर धाडा. तिथं गच्ची आहे का, म्हशीचं काय केलं, काहीही लिहा. मला वाचता येतं.